गाण्याला हमीभाव नाही

"का गा, दोन लाख लोकायनं गाना आयकला, मंग पयसा कोठी गेला?"

संगीताच्या धंद्याविषयी इतका नेमका प्रश्न मोठ्या परिसंवादांतही क्वचित ऐकू येतो. नाकाडोंगरीसारख्या गावात तो चहाच्या टपरीवर सहज विचारला जातो. ज्याला विचारतात तो ढोलकीवाला हसतो आणि कप उचलतो, कारण उत्तर त्यालाही माहीत नसतं.

नाकाडोंगरी हे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातलं, कटंगीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. जवळ डोंगरी बुजरुकची मँगनीजची खाण, बाकी नजर जाईल तिथं धानाच्या बांध्या, आणि थोडं पुढं गेलं की मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा. भाऊबीज झाली की या सगळ्या पट्ट्यात मंडया सुरू होतात. दिवसा बाजार आणि पाहुणे, रात्री दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं नाहीतर झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या मुलखाचं, नाटक. झाडीपट्टीच्या रंगभूमीला आता दिल्लीतही ओळख आहे. तिच्यातले कलाकार परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. खडी गंमत मात्र अजून आपल्या जागी उभीच आहे. शाहीर, ढोलकी, डफ, तुणतुणं, झांजा आणि लुगडं नेसलेला नाच्या, एवढ्या भांडवलावर रात्र निघते.

अलीकडे मंचासमोर एक नवा प्रेक्षक बसलेला दिसतो: तिकाटण्यावरचा मोबाइल. रात्रीची गंमत दोन दिवसांत यूट्यूबवर चढते. त्यातलं एखादं गाणं लोकांनी उचलून धरलं, तर मंडळ ते स्टुडिओत पुन्हा म्हणून घेतं आणि स्पॉटिफाय, जिओसावन, यूट्यूब म्युझिकवर टाकतं. मग आकडे वाढू लागतात आणि टपरीवरचा प्रश्न येतो.

१. वर्गणीचा हिशेब

धान केंद्रावर नेलं तर क्विंटलचा भाव आधीच जाहीर झालेला असतो. काट्यावर पोतं ठेवायचं, भावानं गुणायचं, पैसे किती ते कळतं. गाण्याचंही तसंच असणार असं आपण धरून चालतो. एका वेळेला अमुक पैसे, गुणिले दोन लाख. पहिली गफलत इथं होते. स्ट्रीमिंगवरच्या गाण्याला हमीभाव नसतो. तिथं आधी पैसा गोळा होतो, मग वाटला जातो, आणि वाटून झाल्यावर 'भाव' निघतो.

मंडईच्या वर्गणीसारखं समजा. गावात १०० घरं, प्रत्येकानं महिन्याला १२० रुपये भरले, तर जमले १२,००० रुपये. (स्पॉटिफाय २०१९ च्या फेब्रुवारीत भारतात आलं, तेव्हा महिन्याची वर्गणी ११९ रुपये होती. हिशेब सोपा जावा म्हणून एक रुपया मी वाढवला.) यातला साधारण तिसरा हिस्सा ॲपवाला स्वतःकडे ठेवतो. उरले ८,०००. आता त्या महिन्यात सगळ्या घरांत मिळून ८०,००० वेळा गाणी वाजली, तर प्रत्येक वेळेचे आले १० पैसे. पुढच्या महिन्यात लग्नसराई. लोकांनी फोन दिवसभर चालू ठेवले आणि गाणी वाजली १,६०,००० वेळा. वर्गणी तेवढीच, म्हणून भाव उतरून ५ पैशांवर आला. गाणाऱ्यानं काही वाईट केलं नाही, ऐकणाऱ्यानं काही कमी केलं नाही, कोणी पैसे खाल्ले नाहीत. भाव तरी अर्धा झाला.

म्हणून 'अमुक ॲप एका प्लेला किती देतं' या प्रश्नाला सरळ उत्तर नसतं. ॲपलनं २०२१ मध्ये कलाकारांना पत्र लिहून आपली सरासरी एका प्लेला सुमारे १ सेंट पडते असं सांगितलं होतं. ती जगभरातली सरासरी होती, नाकाडोंगरीची नव्हे. प्रत्येक देशाचा गल्ला वेगळा मोजतात. अमेरिकेत महिन्याची वर्गणी दहा-बारा डॉलर, म्हणजे हजार रुपयांच्या आसपास. त्यामुळे मंडळातल्या कोणाचा भाचा न्यू जर्सीत असेल आणि त्यानं तिथं पैसे भरून गाणं लावलं, तर तो एक प्ले गावातल्या कित्येक प्लेंना भारी पडतो. भारतात मुळात पैसे भरून ऐकणारेच थोडे. ॲपवर गाणी ऐकणारे अठरा-एकोणीस कोटी धरले, तर वर्गणी भरणारे एक कोटीच्या आसपास. बाकीचे जाहिराती सहन करून फुकट ऐकतात, आणि जाहिरातीतून येणारा पैसा वर्गणीपेक्षा फारच पातळ.

फुकट ऐकण्याची सवय खेड्यामुळे लागली असं कोणी म्हणालं, तर मला ते पटत नाही. वीस वर्षांपूर्वी याच खेड्यांत लोक हॅलो ट्यूनसाठी महिन्याला तीसेक रुपये रिचार्जमधून कापू देत होते. गाणं आपल्याला नाही, समोरच्याला ऐकू यायचं, तरीही. पुढं कंपन्यांनीच डेटासोबत गाणी फुकट वाटली. फुकटाचा हा खेळ त्यांनाही झेपला नाही. बाइटडान्सचं रेसो हे गाण्यांचं ॲप भारतात ३१ जानेवारी २०२४ ला बंद झालं, एअरटेलच्या विंकनं त्याच वर्षी गाशा गुंडाळला. कोट्यवधी श्रोते मिरवणारं 'गाना' हे ॲप २०२३ च्या अखेरीस अवघ्या २५ लाख रुपयांत एका कंपनीकडून दुसरीकडे गेलं. तुमसरला रस्त्यावरचा एखादा प्लॉटही त्यापेक्षा महाग असेल.

वाटणीची आणखी एक गंमत आहे. त्या १०० घरांतले एक आजोबा महिनाभरात फक्त वीस गाणी ऐकतात, सगळी आपल्या शाहिराची. त्यांच्या १२० रुपयांतले ८० वाटणीला आले. शंभर घरांच्या सामायिक हिशेबात, १० पैशांच्या भावानं, शाहिराला त्यांच्याकडून मिळाले २ रुपये. उरलेले ७८ रुपये शेजारच्या पोरानं रात्रंदिवस वाजवलेल्या पंजाबी गाण्यांकडे गेले. आजोबांना हे सांगितलं तर ते काठी उचलतील.

याला दुसरा मार्ग आहे. ज्यानं भरले, त्याचे पैसे त्यानं ऐकलेल्यांनाच द्यायचे. साउंडक्लाउडनं २०२१ च्या एप्रिलपासून लहान कलाकारांसाठी हा मार्ग स्वीकारला. त्या हिशेबात शाहिराला आजोबांचे ८० च्या ८० रुपये मिळाले असते. मोठ्या ॲपांनी हा मार्ग घेतलेला नाही. सामायिक राशीत ज्यांचा वाटा मोठा, ते मोठे लेबलवाले, म्हणजे मोठ्या संगीत कंपन्या, अशा बदलासाठी घाई कशाला करतील?

२. अर्ध्या मिनिटाचं माप

झाडीपट्टीच्या गाण्याशी या धंद्याचं खरं वाकडं पैशापेक्षा मापावरून आहे.

ॲपवर एक 'प्ले' म्हणजे काय? गाणं ३० सेकंद चाललं की एक प्ले लागला. एकतिसाव्या सेकंदाला बंद केलं तरी एक, शेवटपर्यंत ऐकलं तरी एकच. शाहिराचा पोवाडा समजा २१ मिनिटांचा. श्रोत्यानं डोळे मिटून पुरा ऐकला, प्ले एक. तेवढ्याच वेळात तीन-तीन मिनिटांची सात सिनेगाणी वाजली, प्ले सात. पायलीनं धान मोजावं तसं गाणं मोजतात, पण ही पायली काठोकाठ भरली काय आणि तळाला मूठभर दाणे असले काय, मोजणारा 'एक' म्हणूनच आरोळी ठोकतो.

मग खडी गंमतीचं काय होणार? गण, गवळण, सवाल-जवाब, मधली बतावणी, पुन्हा लावणी. तिची रचनाच सावकाश चढण्याची. रात्री अकराला सुरू झालेलं दोनला रंगतं. त्याला अर्ध्या मिनिटाच्या मापात घालायचं तर तोडावं लागतं, आणि मंडळं आता तसं तोडूही लागली आहेत. ढोलकीचा लांबलचक तोडा गाळून थेट ध्रुपदापासून सुरुवात होते, कारण पहिल्या तीस सेकंदांत बोट पुढं सरकलं तर सगळी मेहनत शून्यात जाते. हे वाईटच झालं असं मी म्हणणार नाही. तबकडीच्या काळी गायकांनी तीन-साडेतीन मिनिटांत राग बसवला होता, आणि त्यातून अस्सल गाणं निघालं. पण तबकडीला तेवढी जागाच होती. मोबाइलमध्ये जागा अमाप आहे आणि माप तेवढं आखूड.

यूट्यूबचं माप वेगळं, म्हणून या भागातली मंडळं तिथंच जास्त रमली. तिथं किती वेळ पाहिलं याला किंमत आहे आणि आठ मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओच्या मध्ये जाहिराती घालता येतात. तीन तासांची अख्खी दंडार तिथं सुखानं नांदते. मात्र नेहमीच्या जाहिरातींचा पैसा सुरू व्हायला चॅनलचे १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहणं झालेलं लागतं. त्यानंतर लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के चॅनलवाल्याला मिळतात, शॉर्ट्सच्या वाटणीत ४५. इथं 'चॅनलवाल्याला' हा शब्द जपून वाचा. त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

आकाशवाणीचं माप आणखी निराळं होतं. नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं. तिथं आवाजाची चाचणी देऊन श्रेणी मिळायची आणि श्रेणीप्रमाणे मानधन ठरायचं. ऐकणारे दहा की दहा हजार, कोणी मोजत नव्हतं. चाचणीचं दार अरुंद होतं, कित्येक शाहीर त्यातून आत शिरूच शकले नाहीत. पण शिरलेल्याला कार्यक्रमाआधी रक्कम ठाऊक असायची.

३. हजाराची चाळणी

२०२४ च्या सुरुवातीपासून स्पॉटिफायनं एक चाळणी लावली. एखादं गाणं मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा वाजलं नसेल, तर ते वाटणीत धरायचंच नाही. कंपनीचं म्हणणं असं की अशा गाण्यांना महिन्याला सरासरी ३ सेंट मिळत होते, म्हणजे अडीच रुपये. ते वाटेत वितरकाच्या, म्हणजे गाणं ॲपवर चढवून देणाऱ्या मधल्या दुकानदाराच्या, आणि बँकेच्या खर्चातच विरून जायचे. ही चिल्लर एकत्र केली तर वर्षाला काही कोटी डॉलर होतात, ते जे खरोखर ऐकले जातात त्यांना द्यावेत.

युक्तिवाद अगदीच खोटा नाही. पण त्याची धार कुठं लागते ते पाहा. एका मंडळानं दहा गाणी टाकली आणि प्रत्येक गाणं वर्षात ९०० वेळा वाजलं. एकूण प्ले ९,०००, पैसे शून्य. दुसऱ्या मंडळाचं एकच गाणं ९,००० वेळा वाजलं, त्याला पुरा वाटा. मोजणी मंडळाची नसून एकेका गाण्याची आहे. ज्यांच्याकडे प्रसंगागणिक नवं गाणं असतं, पोळ्याचं वेगळं, दंडारीचं वेगळं, भजन वेगळं, त्यांचं पीक थोडं थोडं अनेक बांध्यांत विखुरलेलं असतं. चाळणी नेमकं तेच खाली पाडते.

आणि चाळणीतून खाली पडणारे थोडे नाहीत. ल्युमिनेट ही कंपनी जगभरातल्या ॲपांवरची मोजदाद ठेवते. तिच्या २०२३ च्या हिशेबात एकूण गाणी १८ कोटी ४० लाख होती. त्यातली साडेचार कोटींहून जास्त गाणी वर्षभरात एकदाही वाजली नाहीत. एकदाही नाही, म्हणजे गाणाऱ्याच्या आईनंसुद्धा लावलं नाही.

४. एका गाण्याचे दोन सातबारे

आता जरा सावकाश जाऊ. पैसे हातून जातात ते बहुतेक इथं.

गाणं कानाला एक वाटतं, पण कायद्याच्या दृष्टीनं एका गाण्याचे दोन सातबारे असतात. पहिला शब्द आणि चालीचा. तो गीतकाराच्या आणि संगीतकाराच्या नावे. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे अमुक दिवशी अमुक स्टुडिओत जे रेकॉर्ड झालं त्याचा. तो ज्यानं खर्च केला त्या निर्मात्याच्या नावे. शेत एकाचं आणि विहीर दुसऱ्याची, तसं. ॲपकडून निघालेला पैसा या दोन वाटांनी वाहतो. ढोबळमानानं पाचातले चार वाटे ध्वनिमुद्रणाकडे आणि एक वाटा शब्द-चालीकडे जातो. गाणाऱ्याचाही कायद्यात स्वतंत्र हक्क आहे, पण गावपातळीवर तो पैसा गायकापर्यंत आल्याचं मी पाहिलेलं नाही.

शब्द-चालीचा पैसा गोळा करणारी संस्था म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, लोक तिला आयपीआरएस म्हणतात. ती १९६९ पासून आहे. तिचं सदस्य होऊन आपली गाणी नोंदवली, तर त्या पाचव्या वाट्यातलं काही हाती येण्याची शक्यता असते. नोंदवलं नाही, तर येत नाही. शाहिराच्या वहीत दोनशे गाणी असतात, प्रत्येकाच्या शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफलेलं असतं, शाहिरीच्या दोन पंथांपैकी तो कलगीवाला की तुरेवाला तेही कळतं. ही नाममुद्रा शेकडो वर्षं मालकीचा पुरावा होती. संगणकाला ती वाचता येत नाही. त्याला गीतकाराच्या रकान्यात नाव हवं, आणि रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक हवा. हा क्रमांक म्हणजे गाण्याचं आधारकार्ड. गाणं वितरकामार्फत चढवताना तो बहुधा आपोआप मिळतो. गीतकाराचा रकाना मात्र मोकळा सुटतो, नाहीतर घाईत तिथं 'पारंपरिक' असं टाइप होतं. एवढ्या एका शब्दानं शाहीर आपला हक्क आपल्याच हातानं सोडून देतो.

२०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर तिच्यासाठी मोठी झुंज दिली होती. त्यानंतर गीतकार-संगीतकाराला आपला रॉयल्टीचा वाटा कायमचा विकून टाकता येत नाही. 'सगळे हक्क दिले' असं लिहून दिलं, तरी तो वाटा त्याचाच राहतो. आणखी एक कलम फार कामाचं आहे आणि फार थोड्यांना ठाऊक आहे: हक्क देण्याचा करार लेखी हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तोंडी बोलण्यावर कोणी तुमच्या शब्दांचा मालक होत नाही.

ध्वनिमुद्रणाची गोष्ट मात्र वेगळी, आणि इथं तो 'चॅनलवाला' परत येतो. मंडळाकडे स्टुडिओचे पैसे नसतात. एखादा म्हणतो, रेकॉर्डिंग फुकट करतो, व्हिडिओही काढतो, चढवतो माझ्या चॅनलवर, तुमचं नाव होईल. नाव होतंही. पण खर्च त्याचा, म्हणून दुसरा सातबारा त्याचा, आणि जाहिरातीचा पैसा त्याच्या खात्यात. यात फसवणूकच असते असं नाही. कॅसेटच्या जमान्यातही असंच चालायचं: एकरकमी काही हजार हातावर ठेवायचे आणि कॅसेट कितीही खपली तरी कंपनीची. फरक एवढाच की तेव्हा कॅसेट किती खपली ते शाहिराला कळत नव्हतं. आता आकडा सगळ्यांना दिसतो, म्हणून डाचतो.

झाडीपट्टीत, आणि भजनी मंडळांत सगळीकडेच, एक जुनी रीत आहे. लोकप्रिय सिनेगाण्याच्या चालीवर आपले शब्द बसवायचे. वहीत गाण्याच्या डोक्यावर 'चाल:' असं लिहून सिनेमाच्या गाण्याचं नाव असतं. लोक लगेच धरतात, कोरसवाल्यांना शिकवावं लागत नाही. मंडईत याला कोणी हरकत घेतली नाही. यूट्यूबवर मात्र कंटेंट आयडी नावाचा पहारेकरी बसलेला आहे. त्याच्याकडे कोट्यवधी गाण्यांचे ठसे आहेत. चाल जुळली की तो दावा लावतो आणि जाहिरातीचा पैसा सिनेमाच्या कंपनीकडे वळतो. शब्द शाहिराचे, आवाज शाहिराचा, रात्र शाहिराची, आणि मिळकत मुंबईला. कायद्यानं बघितलं तर चालीचा सातबारा खरंच दुसऱ्याचा आहे, हे नाकारता येत नाही. पण जी चाल सिनेमानंच कधीतरी लावणीवरून, जात्यावरच्या ओवीवरून उचलली असेल, तिच्यासाठी उलट दावा लावणारा पहारेकरी कुठंच नाही.

मोठ्यांची भांडणं निराळ्या पातळीवर चालतात. सरकारी दरानं रेडिओला गाणी वाजवण्याची जी सोय कायद्यात आहे, ती इंटरनेटवरच्या ॲपांना लागू होत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये टिप्स ही संगीत कंपनी विरुद्ध विंक या खटल्यात दिला आणि २०२२ मध्ये खंडपीठानं तो कायम ठेवला. याचा अर्थ, ॲपवाल्यानं कंपनीशी समोरासमोर बसून दर ठरवायचा. टिप्ससारख्या कंपनीला बसायला खुर्ची आहे. नाकाडोंगरीच्या मंडळासमोर 'मला मान्य आहे' एवढंच एक बटण असतं.

५. मधले हात

ते बटण वितरकाचं. एकट्या कलाकाराला स्पॉटिफायवर थेट गाणं चढवता येत नाही. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, सीडी बेबी असे दुकानदार मध्ये लागतात. काही जण वर्षाची फी घेतात आणि पुढचा पैसा पुरा देतात, काही जण मिळकतीतून टक्का कापतात. फीवाल्यांकडे वर्गणी चुकली तर काही ठिकाणी गाणंच उतरतं. टक्केवाल्यांकडे ठरावीक रक्कम जमेपर्यंत पैसे काढता येत नाहीत. आडत्याशी ज्यांनी व्यवहार केला आहे त्यांना यात नवं काही वाटणार नाही.

आता सुरुवातीचे दोन लाख प्ले घेऊन हिशेब मांडून बघू. सगळे आकडे मानलेले आहेत, पण वळणं खरी आहेत. ५ पैशांनी २,००,००० प्लेचे झाले १०,००० रुपये. त्यातला पाचवा हिस्सा, २,००० रुपये, शब्द-चालीचा. शाहीर कुठंच सदस्य नाही, म्हणून तो आलाच नाही. उरले ८,०००. वितरकाचे १५ टक्के, म्हणजे १,२०० गेले. उरले ६,८००. रेकॉर्डिंग करणाऱ्याशी निम्म्याचा बोल होता, म्हणून मंडळाला ३,४००. मंडळात सात जण. प्रत्येकी ४८५ रुपये, आणि वर पाच रुपये चहाला. टपरीवरच्या प्रश्नाचं उत्तर हे.

याच बाजारात दुसरेही आवाज देणारे असतात. स्पॉटिफायची 'डिस्कव्हरी मोड' नावाची योजना म्हणते: तुमचं गाणं आपोआप वाजणाऱ्या रांगेत पुढं ठेवायला मदत करू, पण तिथून आलेल्या रॉयल्टीतले ३० टक्के आम्ही ठेवू. माल पुढं मांडतो, भाव थोडा सोडा. यापेक्षा घातक ते, जे 'दहा हजार प्ले इतक्या रुपयांत' असं सांगत मोबाइलवर येतात. हे प्ले माणसांचे नसतात, यंत्रांचे असतात. पकडले तर गाणं उतरतं, वर वितरकाला दंड बसतो आणि तो कलाकाराकडून वसूल होऊ शकतो. अमेरिकेतल्या एका इसमावर २०२४ च्या सप्टेंबरमध्ये खटला भरला गेला. त्यानं यंत्राकडून लाखो गाणी बनवून घेतली, यंत्रांकडूनच ती वाजवून घेतली आणि १ कोटी डॉलरहून जास्त रॉयल्टी उचलली, असा आरोप. गाणारा नाही, ऐकणारा नाही, पैसा मात्र त्याच सामायिक राशीतून जात होता. डीझर या फ्रेंच ॲपनं २०२५ च्या एप्रिलमध्ये सांगितलं की त्यांच्याकडे रोज चढणाऱ्या गाण्यांत २०,०००च्या वर गाणी पूर्णपणे कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेली असतात. राशीला वाटेकरी रोज वाढताहेत.

६. मग 'गुलाबी साडी' कशी चालली?

हा प्रश्न येणारच. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' २०२४ मध्ये आलं, रीलांवरून देशभर पसरलं, आणि ज्यांना मराठीचा एक शब्द येत नाही त्यांनीही त्यावर साड्या नेसून ठुमके घेतले. सिनेमा नाही, मोठा दिग्दर्शक नाही. मग शाहिराचं गाणं का नाही?

दोन गोष्टी. एक, ते गाणं या मापासाठीच बेतलेलं होतं. आखूड, पहिल्या काही सेकंदांत पकडणारं, नाचायला सोपं. यात कमीपणा काही नाही. ते कसब आहे, आणि संजू राठोडकडे ते आधीच्या 'नऊवारी'पासून दिसतं. दुसरी गोष्ट, त्याच्या पाठीशी बिलिव्ह नावाच्या पॅरिसच्या कंपनीची यंत्रणा होती. ट्यूनकोर हीसुद्धा तिचीच. म्हणजे हा कलाकार मोठ्या लेबलापासून स्वतंत्र, पण एकटा नव्हे. 'स्वतंत्र' या शब्दाची ही लबाडी लक्षात ठेवावी. स्पॉटिफाय म्हणतं की २०२४ मध्ये त्यांनी संगीतधंद्याला १,००० कोटी डॉलर दिले आणि त्यातले सुमारे निम्मे स्वतंत्रांना गेले. त्या निम्म्यात शेकडो कलाकार सांभाळणाऱ्या कंपन्याही येतात आणि बैलगाडीच्या जागी टाटा मॅजिक घेऊन मंडईला निघालेलं सात जणांचं मंडळही येतं.

अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, ज्याला पोरं 'हंड्रेड आरबीएच' म्हणून ओळखतात, तोही वऱ्हाडी बोलीत रॅप करून पुढं आला. त्याला दूरचित्रवाणीच्या स्पर्धेचा मंच मिळाला. बोलीमुळे गाणं अडत नाही, हे त्यानं दाखवलं. पण रॅपला ढोलकी, झांजा आणि नाच्या लागत नाही. एका माणसाच्या ४,००० रुपयांत आणि सात माणसांच्या ४,००० रुपयांत फरक पडतो.

७. पट्टीवरचा नंबर

झाडीपट्टीतल्या मंडळांचे व्हिडिओ नीट पाहिले, तर जवळजवळ प्रत्येकात खाली एक रंगीत पट्टी सरकत असते. तिच्यावर मंडळाचं नाव, गाव, तालुका आणि 'कार्यक्रमासाठी संपर्क' म्हणून मोबाइल नंबर. शहरातल्या माणसाला ती पट्टी गावठी वाटते. माझ्या मते त्या व्हिडिओतली सर्वांत महागडी जागा तीच.

समजा मंडळाची एका रात्रीची बिदागी १५,००० रुपये आहे. आपल्या ५ पैशांच्या भावानं तेवढे मिळवायला ३,००,००० प्ले लागतील, तेही मधल्या हातांनी काही कापलं नाही तर. उलट पट्टीवरचा नंबर बघून एका गावच्या मंडई समितीनं फोन केला, इसार म्हणून दोन हजार पाठवले, की हिशेब जमला. पाहणारे तीन लाख असोत की तीनशे, त्यात मंडई भरवणारा एक माणूस असला की पुरे. ॲपच्या कोणत्याही तक्त्यात हा फोन मोजला जात नाही. शाहिराच्या वहीत मोजला जातो: तारीख, गाव, इसार किती, बाकी किती.

मुंबई-पुण्याचा गायक गाणं आधी ॲपवर लोकप्रिय करतो आणि मग त्याच्या जोरावर कार्यक्रम घेतो. इथला शाहीर कार्यक्रमानंच जगत आला आहे आणि गाणं हे त्याचं फुकट वाटलेलं पत्रक आहे. म्हणून चालीवरच्या गाण्याचे पैसे सिनेमावाल्यानं नेले, तरी कित्येक मंडळं तो व्हिडिओ उतरवत नाहीत. दावा लागू दे, पट्टी तर दिसते ना, असा त्यांचा सरळ विचार. त्यात शहाणपण आहे. पण वही उघडून गीतकाराच्या रकान्यात आपलं नाव भरायला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास काढणारे अजून थोडेच आहेत.

परवा एका खडी गंमतीच्या व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया वाचत बसलो होतो. चार वर्षांपूर्वीचा व्हिडिओ, पाहणारे दीड लाखाच्या वर. पहिल्या पन्नास प्रतिक्रियांत शाबासकी, बदाम, हात जोडलेले. मग बालाघाटकडच्या कोणाची, हिंदीत: भैया, मंडई के लिए बुलाना है, नंबर नहीं लग रहा. तिच्याखाली दुसऱ्याची, तिसऱ्याची, तीच तक्रार. मंडळानं मधल्या काळात सिमकार्ड बदललं होतं आणि चॅनल दुसऱ्याचं असल्यानं पट्टीवरचा जुना नंबर कोणाला बदलता येत नव्हता.